बेरिअॅट्रिक सर्जरीनंतर वजन अडकलं? मग एकेक करून या गोष्टी तपासा

बेरिअॅट्रिक सर्जरी म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटावर केलेलं ऑपरेशन. त्यानंतर पहिले काही महिने वजन इतकं धडाधड उतरतं की सकाळी उठल्या उठल्या काट्यावर उभं राहायची सवयच लागते. आणि मग एक दिवस काटा थांबतो. आज तेवढंच, उद्या तेवढंच, पुढच्या सोमवारी परत तेवढंच. घरात कुणीतरी बोलून दाखवतंच, "एवढा खर्च करून पोट कापून घेतलं, आणि आता बघा." स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून नळीएवढं ठेवणं) झालेला असो, बायपास (पोटाची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं, हृदयाचा बायपास नव्हे) झालेला असो नाहीतर त्याचाच सोपा प्रकार मिनी बायपास, वजन कधीच अडकलं नाही असा माणूस मला तरी अजून भेटायचाय. आणि अडकलं की जवळजवळ सगळे पहिलं काम एकच करतात, आधीच चिमणीएवढं झालेलं जेवण आणखी कमी करतात, कुणी दोन दिवस फक्त पाणी नि सूपवर काढतं. ते करू नका. त्याने स्नायू जातात, केस आणखी गळतात, आणि तिसऱ्या दिवशी भूक अशी खवळते की डब्यातलं फरसाण कधी संपलं कळत नाही. वजन का अडकलंय ते क्रमाने शोधायचं, आणि बहुतेक वेळा कारण जेवणात नसतं, दोन जेवणांच्या मध्ये असतं. पण तिथे जाण्याआधी एक गोष्ट.

तुमचं वजन नक्की कुठल्या टप्प्यावर अडकलंय?

ऑपरेशनला तीनेक आठवडे झालेत आणि काटा थांबलाय, तर काहीही करू नका. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे शरीर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ऑपरेशनच्या आधीच्या लिक्विड डाएटपासून हा साठा वापरला जातो, पाणी निघून जातं, म्हणून सुरुवातीचे किलो झरझर गेलेले दिसतात. नंतर थोडं थोडं खाणं सुरू झालं की साठा थोडा भरतो, पाणी परत येतं. आत चरबी कमी होतच असते, फक्त काट्यावर दिसत नाही. एकदोन आठवड्यांत आपोआप सुटतं.

चार-सहा-आठ महिन्यांनी अडकलं तर तिथे बघण्यासारखं असतं. एक हिशोब सांगतो. चाळिशीची बाई, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ११० किलो. नुसतं पडून राहिली तरी तिचं शरीर दिवसाला अंदाजे १७२५ कॅलरी जाळतं (डाएटिशियन लोक वापरतात त्याच सूत्राने काढलंय). तीच ८० किलोवर आली की आकडा होतो साधारण १४२५. म्हणजे काहीही न बदलता रोजचा खर्च तीनशेने कमी झाला. त्यात वजन झपाट्याने उतरलं की शरीर स्वतःहून काटकसर करतं, म्हणजे सूत्रात येतो त्याहूनही थोडं कमीच जाळतं. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात ज्या खाण्यावर वजन उतरत होतं त्याच खाण्यावर आठव्या महिन्यात ते जागेवर राहू शकतं, आणि यात तुमचा काही गुन्हा नाही.

आणि दीड-दोन वर्षं होऊन गेली असतील तर आधी हे विचारा की हे अडकणं आहे की मुक्कामच आलाय. वरच्या बाईचंच बघा, ११० ची ८० झाली म्हणजे २७ टक्के वजन गेलं. स्लीव्हनंतर साधारण २५ ते ३० टक्के जातं, म्हणजे ऑपरेशनने आपलं काम चोख केलंय. पण तिच्या डोक्यात लग्नातलं ५५ किलो असतं आणि मग ८० वर रडू येतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे, एसओएस म्हणतात त्याला, त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं आणि दहा वर्षांनी २५ टक्के उतरलेलं राहिलं होतं. म्हणजे थोडं परत चढणं हेही सरासरीतच येतं. सर्जनला स्पष्ट विचारा, माझ्या केसमध्ये कुठपर्यंत जाईल असं तुम्हाला वाटतं? त्या आकड्याच्या जवळ असाल तर पुढचं सगळं वजन टिकवण्यासाठी करायचं, उतरवण्यासाठी नाही.

पायरी १: काटा आणि टेप

रोज वजन करणं बंद. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. काटा नेहमी एकाच जागी ठेवा, फरशीच्या सांध्यावर काट्याचा एक पाय आला तरी आकडा इकडचा तिकडे होतो, आणि बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर ठेवून तर अजिबात बघू नका, तिथे काय वाट्टेल ते दिसतं. सोबत टेप घ्या, बेंबीच्या रेषेत पोट, कंबरेचा सगळ्यात रुंद भाग, मांडी, दंड, चारही मापं तारीख घालून लिहायची.

चार आठवडे वजन जागच्या जागी आणि मापंही जागच्या जागी, तरच अडकलं म्हणायचं. पोट दोन सेंटीमीटरने कमी झालंय आणि वजन तेवढंच आहे तर चांगलंच चाललंय की. पाळीच्या आधीचा आठवडा, नवीन व्यायामाचा पहिला पंधरवडा, लोणचं-पापड किंवा हॉटेलचं चायनीज झालेला दिवस, या सगळ्यात शरीर पाणी धरतं. बद्धकोष्ठाचंही तसंच, आयर्न-कॅल्शियमच्या गोळ्या आणि पाणी कमी म्हटल्यावर ते होतंच, त्यात एखादा किलो सहज लपतो.

पायरी २: सात दिवस वही

अॅप चालेल, पण मला वही आवडते कारण ती ओट्यावर उघडी ठेवता येते. नियम एकच, तोंडात गेलं की त्याच क्षणी लिहायचं, रात्री आठवून लिहिलं तर अर्धं विसरलेलं असतं. चव बघितलेली भाजी, पोराच्या ताटातला शेवटचा घास, प्रसाद, सगळं.

आमच्या ओळखीतल्या एका ताईंची वही बघायला मिळाली होती. स्लीव्ह होऊन दहा-अकरा महिने झालेले, त्या शपथेवर सांगायच्या की मी दिवसाला अर्धी भाकरी खाते. आणि खरंच अर्धीच होती! पण वहीत होतं असं: सकाळी चहा आणि दोन खारी. अकरा वाजता चहा, तीन मारी. दुपारी जेवण, अर्धी भाकरी, चार चमचे वरण, थोडी भाजी. चार वाजता मूठभर भडंग. साडेपाचला परत चहा, दोन टोस्ट. संध्याकाळी मुलीने टाकलेला वरणभात, "टाकायचा कशाला". रात्री थोडी खिचडी. हिशोब केला तर जेवणं मिळून पाचशेच्या आसपास कॅलरी, आणि मधलं सगळं मिळून सातशेच्या वर. दिवसभराची प्रथिनं तीस ग्रॅमसुद्धा भरत नव्हती.

ऑपरेशन एका बैठकीला किती मावेल ते ठरवतं, दिवसभर येता-जाता तोंड हलवत राहिलात तर ते काही करू शकत नाही. त्यात खारी, टोस्ट, बिस्किट, चिवडा, कुरमुरे, वेफर्स हे पदार्थ चावून आणि चहाबरोबर ओले होऊन पातळ होतात आणि लहान पोटातून पटकन खाली सरकतात, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. चहात बुडवलेली खारी तर याची महाराणी. पनीर, चिकन, उसळ तशी सरकत नाही, बसून राहते. म्हणून आइस्क्रीम वाटीभर जातं आणि चिकनचे तीन तुकडे जात नाहीत. लोकांना वाटतं आपलं पोट परत ताणलं, मोठं झालं, बहुतेक वेळा पोट तेवढंच असतं, त्यात जाणारा पदार्थ बदललेला असतो.

चहाचंही सांगतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं. दूध आणि दोन चमचे साखर घातलेला कप साधारण ८० ते १०० कॅलरीचा. चार कप म्हणजे जवळपास एक जेवण. चहा सोडा असं मी कुणालाच म्हणत नाही, दिवसात दोन कप, बिनसाखरेचे, आणि सोबत काही नाही. उसाचा रस, कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, मे महिन्यातला आमरस, या सगळ्या पिऊन घ्यायच्या कॅलरी आहेत, लहान पोट त्यांना अडवतच नाही.

पायरी ३: प्रथिनं, मोजून

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, तुमच्या डाएटिशियनने वेगळा आकडा दिला असेल तर तो, आणि किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय वाढवू नका. मांसाहारी लोकांना हे फार अवघड नाही, एका अंड्यात ६ ग्रॅम, शिजलेलं ६० ग्रॅम चिकन घेतलं तर १६-१७, तेवढाच बांगडा घेतला तर १२ च्या आसपास. शाकाहारी घरात मात्र मोठा गैरसमज असतो की वरण म्हणजे प्रथिनं. आपलं पातळ वरण वाटीभर घेतलं तरी ४-५ ग्रॅम, आणि ऑपरेशननंतर वाटीभर जातं कुणाला? पिठलं चांगलं, पण २५ ग्रॅम बेसनाचं पिठलं म्हणजे ५-६ ग्रॅमच.

शाकाहारी दिवस असा जमतो. सकाळी व्हे प्रोटीनचा (दुधातल्या प्रथिनांची पावडर) एक स्कूप, २० ते २४ ग्रॅम. मधल्या वेळी ५० ग्रॅम पनीरची भुर्जी, ९. दुपारी २० ग्रॅम कोरड्या सोया चंक्सचा खिमा, १०, आणि अर्धी वाटी घट्ट दही, ३-४. चार वाजता मोडाच्या मुगाची किंवा मटकीची मऊ उसळ, ५-६. संध्याकाळी परत पनीर किंवा टोफू, आणि रात्री घट्ट डाळ. साठीच्या वर जातं. चक्का हा माझा लाडका, साध्या दह्यापेक्षा दुप्पट तरी प्रथिनं, मीठ-जिरेपूड घालून खा, साखर घातली की श्रीखंड झालं, तिथेच थांबा.

आणि ताटाचा क्रम उलटा करा. आपल्याकडे भाकरी-पोळी आधी, बाकी सगळं तिला लावायला. आता आधी प्रथिनाचा पदार्थ संपवायचा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. नाही उरली तर नाही. वीस-पंचवीस मिनिटं लावा जेवायला. जेवताना पाणी नको, जेवण झाल्यावर अर्धा तास नको, नाहीतर खाल्लेलं धुऊन खाली जातं आणि तासाभरात परत भूक. दिवसाचं दीड ते दोन लिटर पाणी मधल्या वेळेत घोट घोट, त्यात पातळ ताक धरलं तरी चालतं.

उपवासाचं वेगळं सांगायलाच हवं. एकादशी, चतुर्थी, सोमवार, श्रावण, नवरात्र, मिळून वर्षाचे बरेच दिवस होतात, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, कोरड्या १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यावर तूप, शेंगदाण्याचं कूट, बटाटा. खिचडी मऊ, म्हणून सहज जाते. उपवास करायचाच असेल तर दही, पनीर, ताक, दूध, थोडा राजगिरा यावर करा, दाणे मोजून. आणि व्हे उपवासाला चालतं का हा प्रश्न आमच्याकडे सासूबाईंनीच निकालात काढला, "दुधाचंच आहे ना, मग घे." डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना न विचारता उपवास नाही.

दारूबद्दल थोडक्यात. बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, सवय लागण्याचा धोकाही वाढतो, आणि सोबत चकणा असतोच. वजन अडकलेलं असताना तरी पूर्ण बंद.

पायरी ४: चालणं पुरत नाही

"रोज अर्धा तास चालतो तरी काही होत नाही." हो, कारण तीस किलो हलकं झालेलं शरीर त्याच अर्ध्या तासात पहिल्यापेक्षा कमी जाळतं. आणि वजन झपाट्याने उतरताना चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. ते परत मिळवायचे तर ताकदीचा व्यायाम लागतो, आठवड्यातून दोन-तीन दिवस. जिम नको असेल तर घरी: खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा, थोडं थांबून परत, असं तीनदा. भिंतीला हात लावून पुशअप्स. रबराचा बँड दाराच्या कडीला अडकवून मागे ओढायचा. लिटरच्या भरलेल्या दोन बाटल्या घेऊन खांद्याच्या वर. दहा सहज जमायला लागले की बारा, मग पंधरा, मग वजन वाढवायचं, वाढवत नेलं नाही तर उपयोग संपतो. चालणं सुरूच ठेवा, आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं तरी, पण मध्ये मध्ये दोन मिनिटं दम लागेल असं भरभर. ऑपरेशनला किती दिवस झालेत त्यावर पोटाचे आणि जड उचलायचे व्यायाम कधी सुरू करायचे ते सर्जनच ठरवतील, हर्निया झाला असेल तर नक्कीच विचारा. गुडघे दुखत असतील तर पाण्यात चालणं उत्तम, पण दुखण्यावर मनाने ब्रुफेन-कॉम्बिफ्लाम घेऊ नका, बायपासवाल्यांना त्याने अल्सर होतो, स्लीव्हवाल्यांनीही विचारूनच.

झोपेकडे कुणी बघतच नाही. पाच तास झोपणारा माणूस दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं शोधत फिरतो, यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. घोरण्यासाठी आणि झोपेत श्वास अडकण्यासाठी सीपॅप मशीन (मास्कमधून हवा देणारं) लावत असाल तर वजन उतरलं म्हणून आपणच काढून ठेवू नका, परत तपासणी करून मग ठरतं. नाइट शिफ्टवाल्यांनी निदान रात्री दोनचं जेवण प्रथिनाचं घरून न्यायचं, कँटीनमध्ये त्या वेळी वडापावच उरलेला असतो.

पायरी ५: रक्त आणि गोळ्या

चार-सहा आठवडे वरचं सगळं खरोखर केलं आणि तरी काटा, टेप दोन्ही ढिम्म, तर लॅबमध्ये जा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा), बी१२, डी व्हिटॅमिन, कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), लिव्हर-किडनी, आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर). थायरॉइड बिघडलं असेल तर वजन अडकतं. आयर्न-बी१२ कमी असेल तर थेट वजन अडकत नाही, पण इतका थकवा येतो की व्यायाम होत नाही आणि माणूस चहा-बिस्किटावर दिवस ढकलतो. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी आणि कॅल्शियम सायट्रेट (१२०० ते १५०० मिलिग्रॅम, विभागून) हे जन्मभराचं आहे, वर्षाने बंद करायचं नाही. कॅल्शियम आणि आयर्नमध्ये दोन तासांचं अंतर.

मग गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ओता. इन्सुलिन, शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, स्टेरॉइड, बीपी-हृदयासाठीचे काही बीटा ब्लॉकर, मानसोपचारातल्या ओलान्झापिन, मिर्टाझापिन, फिटसाठीची व्हॅल्प्रोएट, यांनी वजन वाढू शकतं. मनाने एकही बंद करू नका, पर्याय असतो का एवढं विचारा. आणि बायकांनो, पाळी चुकली असेल तर प्रेग्नन्सी टेस्टसुद्धा करा. वजन उतरलं की पीसीओएसवाल्यांनाही (हार्मोन बिघडून पाळी अनियमित असलेल्यांना) दिवस राहू शकतात, बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा नसतो, आणि १२ ते १८ महिने तरी थांबा असं सर्जन सांगतात ते उगाच नाही.

पायरी ६: सर्जनकडे परत

लाजू नका, ते ओरडणार नाहीत, आणि ओरडले तर दुसरे बघा. वाट न बघता लगेच जायचं ते अशा वेळी: सारखी उलटी, गिळताना अडकणं, पोटात जोरात दुखणं, काळी शी, रात्री घशाशी येणारं आंबट पाणी. उलट्या चालू असताना हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं किंवा एकाच्या दोन गोष्टी दिसणं असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, ती थायमिन म्हणजे बी१ ची कमतरता असू शकते आणि तिथे उशीर महागात पडतो. आणि उलट बाजूने, आधी चार घासांत भरणारं पोट आता घट्ट जेवणही पूर्वीसारखं ताटभर घ्यायला लागलं असेल तर तेही सांगा, एंडोस्कोपी किंवा बेरियमची तपासणी करून पोटाची पिशवी, जोड, सगळं जागेवर आहे का ते बघतात.

आता सगळ्यांचा प्रश्न, भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जून २०२५ मध्ये. ऑपरेशननंतर अडकलेल्या किंवा परत चढलेल्या वजनासाठी डॉक्टर ही औषधं वापरतात, फायदा होतो. पण भूक आणखी कमी होते, मळमळते, मग साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जाणार कशी, स्नायू परत जाणार. म्हणून मेडिकलवाल्याकडून किंवा मित्राच्या सांगण्यावरून नाही, बेरिअॅट्रिक टीमच्या देखरेखीतच. रिव्हिजन, म्हणजे स्लीव्हचं बायपास वगैरे, हा त्याच्याही पुढचा पर्याय. पहिल्या ऑपरेशनपेक्षा धोका जास्त, आणि चहा-खारी चालू असेल तर रिव्हिजनसुद्धा चार दिवसांचं कौतुक. आणि "पाच दिवसांत पोट रीसेट" म्हणून फॉरवर्ड येतं ते लिक्विड डाएट, काढे, गल्लीतले शेक, यांवर तर एक रुपया घालू नका.

जाताना सात दिवसांची वही, मापांचा कागद, ताजे रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी घ्या. आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोट मिळते ती शोधून ठेवा. बायपास किती सेंटीमीटर आतडं सोडून केलाय ते त्यातच लिहिलेलं असतं, दुसऱ्या गावातल्या किंवा दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची वेळ आली की सगळ्यात आधी तेच विचारतात. हरवली असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करून कॉपी मागता येते, ती अपॉइंटमेंटच्या आधीच मागून घ्या.